शिळ्या कढीला ऊत?

बँडमधला मुख्य माणूस निघून गेला की रेकॉर्ड कंपनीला कपाट आवरायची आठवण होते. उरलेसुरले ट्रॅक, दोन-चार डेमो, इतरांची गायलेली गाणी, एखाद्या कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग... सगळं एका सीडीत कोंबायचं आणि दुकानात मांडायचं. सेपल्टुराच्या 'ब्लड-रूटेड'बद्दल तक्रार आहे ती हीच. शिळ्या कढीला ऊत!

तक्रार खोटी नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये मॅक्स कावालेराचा सावत्र मुलगा डेना वेल्स मोटार अपघातात गेला. डेनाची आई ग्लोरिया म्हणजे मॅक्सची बायको आणि बँडची मॅनेजरही. त्याच वर्षाच्या शेवटी उरलेल्या तिघांनी तिचा करार पुढे चालू ठेवायचा नाही असं ठरवलं. १६ डिसेंबरला लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत कार्यक्रम झाला आणि मॅक्स बाहेर पडला. त्याचा सख्खा भाऊ इगोर ड्रमवर तिथेच राहिला. यानंतर जेमतेम सहा महिन्यांत रोडरनर कंपनीने 'ब्लड-रूटेड' बाजारात आणला. नवा गायक यायचा होता, नवा अल्बम दूर होता, आणि 'रूट्स'ची हवा अजून होती. हिशेब सरळ आहे.

तरीही माझं मत असं की कोणाला सेपल्टुराची ओळख करून द्यायची असेल, तर 'रूट्स'च्या आधी हा अल्बम हातात द्यावा.

'रूट्स' ऐकून वाटतं की बेलो होरिझोंटेची ही पोरं आदिवासी ढोल आणि शवांते लोकांचं गाणं घेऊन एकदम आकाशातून पडली. 'ब्लड-रूटेड'मध्ये त्यांच्या घरातलं पुस्तकांचं कपाट दिसतं. सेल्टिक फ्रॉस्ट आणि ब्लॅक सॅबथ असणारच, त्यात नवल नाही. पण शेजारी टिटांसचं 'पोलिसिया' आहे, १९८६ सालचं. ब्राझीलमधली लष्करी राजवट १९८५ मध्ये संपली आणि पुढच्याच वर्षी हा रॉक बँड थेट पोलिसांवर गाणं करतो! त्याच्याही आधीचं, १९८४ चं, रातोस दे पोराओचं 'क्रुसिफिकादोस पेलो सिस्तेमा' आहे. हे तर राजवट चालू असतानाचं. दोन्ही गाणी पोर्तुगीजमध्येच ठेवली आहेत. जगभर इंग्रजीत गाणारा हा बँड घरी कुठल्या भाषेत चिडत होता, ते इथे कळतं. आणि मग बॉब मार्लेचं 'वॉर', ज्याचे शब्द मुळात हाइले सेलासीने १९६३ साली संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातले. थ्रॅश मेटलवाले रेगे गातात म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. मला मात्र 'रूट्स'मधला राग कुठून आला हे समजायला हे एक गाणं पुरलं.

लाइव्ह भाग 'चेऑस ए.डी.'च्या काळातला. त्यात 'बिनीथ द रिमेन्स' आणि 'एस्केप टू द व्हॉइड' एकमेकांना जोडून वाजवलेत, आणि इगोर असा सुटतो की मधे श्वास घ्यायला जागा नाही. मागून 'काइओवास' येतं. जमीन हिरावली गेलेल्या काइओवा आदिवासींच्या आत्महत्यांवरून सुचलेली, शब्द नसलेली रचना. मूळ रेकॉर्डिंग वेल्समधल्या चेपस्टो किल्ल्याच्या पडक्या भिंतींत केलेलं होतं. तिथली शांतता रंगमंचावर कुठून येणार? नाहीच येत. पण ऐकायला समोर माणसं असली की तीच रचना जरा वेगळीच वागते. खाजगी मैफलींच्या टेपा जपणाऱ्यांना हे सांगायला नको.

'लुकअवे'चं मिक्स मात्र भरताड आहे. नसतं तरी चाललं असतं. असो.

खरा प्रश्न मालकीचा आहे. २००२ मध्ये त्याच कंपनीने ब्रिक्स्टनचा तो शेवटचा कार्यक्रमही 'अंडर अ पेल ग्रे स्काय' नावाने काढला. तोवर बँडने कंपनी सोडलेली होती. कायद्याने टेप कंपनीची, मान्य. पण घर मोडलं त्या रात्रीची टेप विकायची म्हणजे... मला ते पटलं नाही. (ऐकला का? हो, ऐकला. जबरदस्त आहे!) 'ब्लड-रूटेड'मध्ये निदान कोणाच्या भांडणाची रात्र विकलेली नाही.

उलट बाजूही आहेच. २०२३ मध्ये मॅक्स आणि इगोरने 'मॉर्बिड व्हिजन्स' नव्याने रेकॉर्ड केला. स्वच्छ, दणदणीत, सगळी वाद्यं सुरात. मी मात्र १९८६ चाच लावतो, जिथे गिटार नीट लावलेलीही नाही. कंपनी उष्टं विकते म्हणून ओरडायचं, आणि कलाकारांनी स्वतःच्या हाताने आपला कच्चेपणा पुसला की टाळ्या वाजवायच्या, हे मला जमत नाही.

आंद्रेआस किसर आणि पाउलो ज्युनिअर यांनी उरलेल्या सेपल्टुराचा निरोपाचा दौरा २०२४ मध्ये सुरू केला. त्यातून चाळीस शहरांतली चाळीस गाणी निवडून लाइव्ह संग्रह काढायचा, असं जाहीर केलं होतं. म्हणजे या वेळी निवड बँडची. चांगलंच आहे. फक्त चाळीसच्या चाळीस गाणी बिनचूक निवडू नयेत. एखाद्या गाण्यात गिटारची तार तुटू दे, कोणी अर्ध्या मात्रेने आधी घुसू दे, आणि ते तसंच सीडीवर येऊ दे.