डॅकला नेटवर्क हवे, पण कायमचे जखडलेले नको

तोशिबाने १९८३ साली आणलेली टॉसलिंक ही ऑप्टिकल जोडणी आजच्या नव्याकोऱ्या डॅकच्या मागेही असते. ऐंशीच्या दशकातला ऑप्टिकल आउटपुटचा सीडी प्लेअर तिथे जोडला की गाणे सुरू होते. ना ॲप लागते, ना पासवर्ड.

डॅक म्हणजे डिजिटल ध्वनीतल्या आकड्यांपासून विजेची लहर घडवणारे यंत्र. सीडीच्या ध्वनीत डाव्या-उजव्या बाजूंसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात. हे काम तेव्हा होते तेच आजही आहे. त्यामुळेच फिलिप्सची १९८५ची टीडीए १५४१ चिप असलेली यंत्रे शौकीन आजही हौसेने दुरुस्त करून वापरतात.

आता याच यंत्रात वाय-फाय आणि स्ट्रीमिंग बसवण्याची चढाओढ लागली आहे. संगणक चालू न ठेवता, बसल्या जागी फोनवरून हवा तो राग लावता येतो, ही सोय खरोखर मोठी आहे आणि ती श्रोत्यांना मिळायलाच हवी. अडचण वेगळीच आहे. नेटवर्कचा भाग हा एक छोटा संगणक असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम लागते, सुरक्षा प्रमाणपत्रे लागतात, प्रत्येक संगीतसेवेशी जुळवून घ्यावे लागते. डॅक पंचवीस वर्षे टिकेल. हा संगणक तितका टिकत नाही.

गूगलचे क्रोमकास्ट ऑडिओ घ्या. २०१५ साली ३५ डॉलरला आलेली ही स्ट्रीमिंगची चकती ऑप्टिकल इनपुट असलेल्या कोणत्याही डॅकला केबलने जोडता येत असे. २०१९च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. मार्च २०२५मध्ये आतले एक प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले आणि जगभरातल्या चकत्या एकाएकी अडल्या. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली म्हणून निभावले. त्या दिवसांत चकतीमागचे डॅक मात्र धडधाकट होते. दुसरे काही जोडले की वाजत होते. तीच चकती डॅकच्या पेटीत कायमची बसवलेली असती आणि कंपनीने दुरुस्ती पाठवलीच नसती, तर महागड्या यंत्राचा अर्धा भाग निकामी झाला असता.

स्क्वीझबॉक्स या नेटवर्क प्लेअरची गोष्ट याहून आशादायक आहे. तो बनवणारी स्लिम डिव्हायसेस ही कंपनी लॉजिटेकने २००६ साली घेतली, २०१२मध्ये स्क्वीझबॉक्सची मालिका बंद केली आणि २०२४मध्ये तिची ऑनलाइन सेवाही थांबवली. तरीही ते प्लेअर आज घरोघरी वाजत आहेत, कारण त्यांच्या सर्व्हरचे सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे होते. वापरणाऱ्यांनीच ते लिरियन या नावाने चालू ठेवले.

नेटवर्कसाठी डॅकबाहेर स्वतंत्र डबा जोडला तर आवाज बिघडेल, अशी भीती घातली जाते. पण असिंक्रोनस यूएसबीमध्ये कालमापनाचे घड्याळ डॅकच्याच ताब्यात असते. डबा फक्त डॅक मागेल तेवढे आकडे पुरवतो. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर व्हॉल्युमिओ किंवा मूड हे संगीत वाजवण्याचे सॉफ्टवेअर घातले की हे काम नीट होते, आणि तो जुना झाला की तेवढाच बदलता येतो.

आतच नेटवर्क हवे असेल, तर पीएस ऑडिओने परफेक्टवेव्ह डॅकसाठी निवडलेली वाट शहाणपणाची होती: मागे एक खाच आणि तिच्यात काढ-घाल करता येणारे नेटवर्कचे कार्ड. प्रत्येक उत्पादकाने निदान यूएसबी आणि ऑप्टिकल इनपुट ठेवावेत आणि सॉफ्टवेअर किती वर्षे सांभाळणार, ते खोक्यावर छापावे.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी दुकानात आणखी एक परीक्षा घ्यावी. अनेक सीड्यांवर एकाच मैफलीतला विलंबित आणि द्रुत ख्याल वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. नेटवर्कवरून संगीत लावण्याच्या यूपीएनपी या प्रचलित पद्धतीत पुढचा ट्रॅक आधीच कळवण्याची आज्ञा ऐच्छिक आहे, त्यामुळे काही स्ट्रीमर दोन्हींच्या मध्ये क्षणभर गप्प होतात आणि तबल्याचा ठेका तिथेच तुटतो. आपल्या आवडीचे असे रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर न्यावे, नेटवर्कवरून लावायला सांगावे आणि तो सांधा ऐकून मगच पैसे मोजावेत.