उजेड आपला, अंधार समोरच्याचा!

गाडीचा ब्रेक लागेनासा झाला तर आधी कोण घाबरतं? चालवणारा. क्लच सरकायला लागला, इंजिन तापलं, एसी बंद पडला तर गॅरेजकडे कोण पळतं? मालकच. पण गाडीत एक बिघाड असा आहे की त्याचा मालकाला काहीच त्रास होत नाही, उलट बरंच वाटतं! त्रास होतो तो समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला. हा बिघाड म्हणजे झेनॉन हेडलाइटचं बिघडलेलं सेल्फ-लेव्हलिंग.

"हा काय मराठी विभागाचा विषय झाला का?" असं रूमवर मला विचारलं गेलं. पावसावरच्या कविता आणि मेसच्या भाजीवरचे विनोदी लेख दरवर्षी येतातच. म्हटलं, मेकॅनिकलला आहोत तर एकदा आपल्या विषयावर आपल्या भाषेत लिहून बघू. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची!

आधी थोडी थिअरी. झेनॉन दिवे गाडीत पहिल्यांदा आले ते १९९१ साली, बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये. साध्या हॅलोजन बल्बमध्ये तार तापून उजेड देते. झेनॉनमध्ये तारच नसते. काचेच्या छोट्या कुपीत हजारो व्होल्टचा झटका देऊन आर्क पेटवतात. ५५ वॅटचा चांगला हॅलोजन बल्ब साधारण १५०० ल्युमेन देतो, तर ३५ वॅटचा झेनॉन साधारण ३२००. म्हणजे वीज कमी आणि उजेड दुपटीहून जास्त. इंजिनिअर म्हणून याला सलामच ठोकला पाहिजे.

पण एवढा उजेड चुकीच्या कोनात गेला तर? म्हणून युरोपात लागू असलेल्या यूएन रेग्युलेशन ४८ ने एक अट घातली. डिपरला २००० ल्युमेनपेक्षा जास्त उजेडाचा दिवा लावायचा असेल तर त्यासोबत ऑटोमॅटिक लेव्हलिंग आणि हेडलाइट धुणारा वॉशर हवाच. हे नीट लक्षात घ्या. सेल्फ-लेव्हलिंग ही श्रीमंत गाडीची चैन नाही. एवढा प्रखर दिवा रस्त्यावर आणायची परवानगी ज्या अटीवर मिळाली, ती ही अट आहे. (पुढे बरोबर २००० ल्युमेनचे २५ वॅटचे झेनॉन बल्बही निघाले, म्हणजे अटच लागू नको! इंजिनिअरची हुशारी अशीही चालते.)

आता जरा गणित. घाबरू नका, एम-थ्री नाही, आठवीचं आहे. डिपरच्या उजेडाची वरची कड साधारण १ टक्का खाली झुकवलेली असते, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. समजा, गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, अडीच मीटर आहे. मागे तिघं बसले, डिकी भरली आणि मागची बाजू ५ सेंटिमीटर दबली. ५ भागिले २५०, म्हणजे नाक २ टक्के वर. आता उजेड १ टक्का खाली जायच्या ऐवजी १ टक्का वर चाललाय! हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर ५० मीटरवर ती कड ११५ सेंटिमीटरला पोचते. छोट्या कारच्या ड्रायव्हरचे डोळे साधारण तिथेच असतात. ८० मीटरवर ती १४५ सेंटिमीटरला जाते. तिथे मोटरसायकलवाल्याचे डोळे असतात. कोनातला फरक किती? एक अंशाहून जरासा जास्त.

हा एक अंश सांभाळायला गाडीखाली, सस्पेन्शनजवळ, सेन्सर बसवलेले असतात. सेन्सरचा छोटा आर्म एका बारीक दांडीने सस्पेन्शनला जोडलेला असतो. मागची बाजू दबली की आर्म फिरतो, कंट्रोल युनिट हिशेब करतं आणि हेडलाइटमधली छोटी मोटर दिवा खाली झुकवते. काही गाड्यांत हे सावकाश होतं, काहींत ब्रेक मारताक्षणी. डिझाइन सुंदर आहे, पण जागा बघा! तो सेन्सर आणि ती बोटभर दांडी चाकाशेजारी, चिखल-पाण्यात. आपला पावसाळा, आपले खड्डे, आपले अचानक उगवणारे स्पीडब्रेकर! सांधे गंजतात, दांडी वाकते नाहीतर तुटते, कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. आणि आता नव्या गाड्यांत एलईडी आल्यामुळे झेनॉनच्या बऱ्याच गाड्या जुन्या होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. हे सगळं बिघडायचं वय तेच.

माझ्या मामांनी अशीच एक सेकंड हॅण्ड गाडी घेतली. रात्री साताऱ्याहून गावाकडे येताना समोरचा प्रत्येक जण आम्हाला डिपर मारत होता. मी म्हटलं, मामा, काहीतरी गडबड आहे, गॅरेजला दाखवू या. मामा म्हणाले, "अगं, मला तर झकास दिसतंय की! पार झाडाच्या शेंड्यापर्यंत!"

मला तर झकास दिसतंय की. माझ्या मते सगळा प्रॉब्लेम या एका वाक्यात आहे.

गॅरेजमध्ये गाडी वर उचलली तर मागच्या सेन्सरची दांडी तुटलेली, आर्म खाली लोंबतोय. आर्म खाली म्हणजे कंट्रोल युनिटला वाटलं की गाडीची मागची बाजू उचलली गेलीय, नाक खाली गेलंय. मग त्याने इमानदारीत दिवे वर केले! डॅशबोर्डवर वॉर्निंग लागली नाही, कारण सिग्नल येत होता, फक्त खोटा होता. तिथल्या मिस्त्रींनी दोन उपाय सुचवले. एक, आर्म तारेने बांधून टाकू. दोन, हेडलाइटचा स्क्रू फिरवून खाली करू. दोन्ही चूकच. तारेने बांधलं की लेव्हलिंग मेलं. स्क्रूने खाली केलं की रिकाम्या गाडीत बरोबर आणि भरलेल्या गाडीत पुन्हा तेच. खरा उपाय म्हणजे दांडी बदलायची आणि स्कॅनर लावून कॅलिब्रेशन करून घ्यायचं. सस्पेन्शनचं काम केल्यावरही हे कॅलिब्रेशन करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

कोणी म्हणेल, आपल्याकडे अर्धे लोक कायम अप्परवरच चालवतात, तिथे या एका अंशाचं काय घेऊन बसलीस? मुद्दा बरोबर आहे, पण फरक आहे. अप्परवाल्याला आपण डिपर मारला की भला माणूस असेल तर तो दिवा खाली करतो. लेव्हलिंग बिघडलेला माणूस आधीच डिपरवर असतो! त्याच्याकडे आणखी खाली करायला काही नसतंच. उलट तो चिडून एकदा खरा अप्पर मारून दाखवतो, "बघ, मी डिपरवरच होतो." चांगल्या सवयीचा माणूसही इथे निरुपयोगी ठरतो. म्हणून हा प्रश्न 'लोकांना शिस्त नाही' म्हणून सोडून देता येत नाही. हा मेंटेनन्सचा प्रश्न आहे, म्हणजे आपला.

यात माझा स्वार्थही आहे. माझे बाबा एमआयडीसीत आहेत. सेकंड शिफ्ट सुटली की मोटरसायकलवरून घरी येतात. रस्त्याला डिव्हायडर नाही, दिवे नाहीत. ऊसतोडणीच्या दिवसांत पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा सोडा, रिफ्लेक्टरची पट्टीसुद्धा नसते. समोरच्या उजेडाने डोळे दिपले की पुढचे दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, आणि वय वाढतं तसा हा वेळही वाढतो. ताशी ६० च्या वेगाने तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. ५० मीटर बाबा अंदाजाने गाडी चालवतात, आणि त्या ५० मीटरमध्ये उसाची ट्रॉली नसेल अशी देवाकडे प्रार्थना करण्यापलीकडे आई काही करू शकत नाही.

कायदा काय म्हणतो? समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा दिवा खाली झुकवता आला पाहिजे, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेच. पण तपासतं कोण? पीयूसी नसेल तर दंड होतो, म्हणून धूर सगळे तपासतात. खासगी कारला मात्र फिटनेससाठी आरटीओत जावं लागतं ते थेट १५ वर्षांनी, रजिस्ट्रेशन रिन्यू करताना. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी असते आणि तिच्यात हेडलाइटचा कोन मशीनवर बघतात. जर्मनीत नियमित तपासणी असतेच, वर दर ऑक्टोबरमध्ये दिव्यांची फुकट तपासणी करून काचेवर स्टिकर लावून देतात. माझं मत स्पष्ट आहे. पीयूसीसोबत हेडलाइटचा कोनही तपासला गेला पाहिजे. मशीन लागतं, मान्य. पण रॉकेट सायन्स नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. आपण इंजिनिअरिंग कॉलेजात आहोत ना? आपल्या वर्कशॉपच्या मागे सपाट काँक्रीट आहे आणि समोर पांढरी भिंत. गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करायची. हेडलाइटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर त्याच्या १० सेंटिमीटर खाली खडूने रेघ मारायची. (बॉनेट उघडलं की हेडलाइटजवळ बहुधा टक्क्यांचा आकडा छापलेला सापडतो, तो वेगळा असेल तर तो घ्यायचा.) डिपर लावायचा. उजेडाची कड रेघेवर हवी. मग मागे तिघांना बसवायचं. ऑटो लेव्हलिंग ठीक असेल तर वर गेलेली कड थोड्या वेळात परत रेघेवर येते. नाही आली तर गॅरेज. आणि ज्यांच्या गाडीला साधे हॅलोजन आहेत, त्यांनी डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक शोधावं. बऱ्याच गाड्यांत असतं आणि बऱ्याच मालकांनी त्याला हातही लावलेला नसतो. गाडी भरली की ते फिरवायचं. फुकट आहे!

तर सर्व सर, मॅडम आणि घरून गाडी घेऊन येणाऱ्या मित्रांनो, येत्या रविवारी संध्याकाळी सातला वर्कशॉपच्या मागे या. टेप आणि खडू मी आणते. मागच्या सीटवर बसायला हॉस्टेलमधून हवी तेवढी वजनदार मुलं मिळतील, फक्त चहा तुम्ही पाजायचा!