गोळीचा भाव उतरला, बांबोळीची फेरी महागच

पेडणे/डिचोली : एचआयव्हीच्या औषधांचा खर्च म्हटला की चर्चा अजून पेटंट आणि कंपन्यांपाशीच अडकते. आकडे वेगळं सांगतात. २००० च्या सुमारास मूळ कंपन्यांच्या तीन औषधांचा खर्च रुग्णामागे वर्षाला १० हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने (वेर्ण्याला कारखाना आहे तीच) तीन औषधांचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. २०२३ मध्ये ग्लोबल फंडाने ‘टीएलडी’ या रोजच्या एका गोळीचा वर्षाचा भाव ४५ डॉलरच्या खाली आणला. भारतात २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रावर ही औषधं फुकट मिळतात.

मग अडतं कुठं? मोजणीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको टेंडर काढून औषधं घेते, ती राज्यांना जातात आणि एआरटी केंद्राचा साठा ठरतो तिथं नोंदलेल्या रुग्णांवर. सीमेवर हा हिशोब बसत नाही. दोडामार्गचा माणूस डिचोलीत कामाला, पेडण्याचा ड्रायव्हर आठवडाभर कोल्हापूरच्या रस्त्यावर. नोंद दुसऱ्या केंद्रात हलवता येते, पण गावात कळू नये म्हणून मुद्दाम लांबचं केंद्र धरणारेही आहेत. ही भीती उगाच नाही. १९८९ मध्ये पर्रा येथील डॉमनिक डिसोझा यांना एचआयव्ही आहे एवढ्यावरून ६४ दिवस म्हापशात कोंडून ठेवलं होतं.

२०२२ मध्ये देशात साठा आटला, तेव्हा अनेक केंद्रांवर महिन्याऐवजी काही दिवसांच्याच गोळ्या हाती पडल्या. दिल्लीत नॅकोच्या दारात रुग्ण महिनाभराहून जास्त बसले होते. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या तर वर्षाला ४ फेऱ्या, महिन्याच्या मिळाल्या तर १२, आठवड्याच्या मिळाल्या तर ५२. प्रत्येक फेरीला बसभाडं आणि एक दिवसाचा रोज बुडतो. हा खर्च कुठल्याच टेंडरात दिसत नाही.

त्यात गोमेकॉने जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्ग पेटलं होतं. एआरटी राष्ट्रीय कार्यक्रमातली, ती फुकटच. पण दाखल व्हायची वेळ आली की हिशोब वेगळा. २०१७ चा एचआयव्ही कायदाही उपचार ‘शक्य तितके’ द्या म्हणतो. या दोन शब्दांत सरकारला बरीच पळवाट आहे.

पेडणे, डिचोली, बांदा, दोडामार्ग इथल्या सरकारी दवाखान्यांत तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि नोंद बाहेर असलेल्यांसाठी थोडा राखीव साठा, एवढं गोवा-महाराष्ट्राच्या एड्स नियंत्रण सोसायट्यांनी एकत्र बसून ठरवायचं आहे. त्याला मोठं बजेटही लागत नाही.