शत्रूइतकीच अफवाही घातक

युद्धकाळात शत्रूविषयी खोटे पसरवणे ही देशसेवा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. भारत-पाकिस्तान संघर्षात ८ मे २०२५ च्या रात्री काही वृत्तवाहिन्यांनी पडद्यावरच कराची बंदर उद्ध्वस्त केले, इस्लामाबादही जिंकले. दोन्ही वार्ता खोट्या होत्या.

अशा प्रचाराने शत्रू क्षुद्र आणि विजय स्वस्त वाटू लागतो. मग संयमही फितुरी ठरतो. १० मे रोजी लष्करी कारवाई थांबताच परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यावर समाजमाध्यमांतून शिव्यांचा भडिमार झाला, तो याच मनोवृत्तीतून.

भुसावळजवळच्या वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातून काडतूसही तपासणीशिवाय बाहेर पडत नाही. बातमी मात्र बेधडक सुटते. खोटे दाखवणाऱ्या वाहिन्यांना तितक्याच ठळकपणे जाहीर दुरुस्ती करणे सरकारने बंधनकारक करावे. वाचकांनीही शहानिशा केल्याशिवाय युद्धाचा एकही संदेश पुढे पाठवू नये.