विनोद कोणाचा, चेहरा कोणाचा?

सोफ्यावर बसलेली, पुढचे पाय एकमेकांवर ठेवलेली आणि भुवया किंचित उंचावून तिरक्या नजरेने पाहणारी एक तांबूस कुत्री तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिली असेल. तिचे नाव काबोसू. जपानमधील साकुरा या शहरी ती राहत असे. कुत्र्यांची पैदास करून विकणारा एक धंदा बंद पडला, तेव्हा निराधार झालेल्या प्राण्यांपैकी ती एक होती. २००८ साली आत्सुको सातो या बालवाडीच्या शिक्षिकेने तिला आपल्या घरी आणले. काबोसू हे तिकडच्या एका लिंबाच्या जातीच्या फळाचे नाव आहे. तिचा वाटोळा चेहरा पाहून तेच नाव तिला दिले गेले.

२०१० च्या फेब्रुवारीत सातोबाईंनी तिची काही छायाचित्रे आंतरजालावरील आपल्या दैनंदिनीत प्रसिद्ध केली. एवढीच काय ती या विनोदाची सुरुवात. पुढचे सर्व काम अनोळखी लोकांनी केले. कोणी त्या छायाचित्रावर रंगीबेरंगी अक्षरांत मोडक्यातोडक्या इंग्रजीतले शब्द लिहिले. आपण 'फार झाड', 'अति शाळा' असे म्हणावे, तशी ती भाषा! जणू काबोसूच्या मनातले विचार त्या शब्दांतून बाहेर पडत आहेत. इंग्रजीत कुत्र्याला जो शब्द आहे त्याच्या शेवटी एक जादा अक्षर चिकटवून तिला 'डोज' हे नवे नावही मिळाले. २०१३ साली तर हे चित्र जगभर पसरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोघा तंत्रज्ञांनी थट्टा म्हणून डोजकॉइन नावाचे संगणकीय चलन काढले; आणि नवल असे, की त्या थट्टेच्या पैशातून जमैका देशाच्या बर्फावरील गाडीच्या शर्यतीच्या संघाला २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकला जाण्यासाठी मदत मिळाली. पुढे २०२१ साली या चलनाचा भाव एकदम वर चढला आणि तसाच कोसळला.

अशा चित्राला किंवा वाक्याला 'मीम' म्हणतात. हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या शास्त्रज्ञाने १९७६ साली बनविला, तेव्हा आंतरजाल जन्मालाही आले नव्हते. शरीरातील जनुके जशी एका पिढीकडून दुसरीकडे जातात, तशा गाण्यांच्या चाली, कल्पना आणि रीती अनुकरणाने एका मनातून दुसऱ्या मनात जातात, असे त्यांचे म्हणणे होते.

काही मंडळी मीम म्हटले की नाक मुरडतात. मला ते पटत नाही. जात्यावर दळताना बायांनी ज्या ओव्या म्हटल्या, त्यांची कर्ती कोण हे आज कोण सांगेल? एकीने ओवी म्हटली, दुसरीने तीत आपल्या भावाचे नाव गुंफले, आणि लेकीबरोबर ती सासरच्या गावी गेली. ज्यात दुसऱ्याला स्वतःची भर घालता येते, तेच दूरवर जाते. काबोसूच्या चित्राचेही तसेच झाले. भाषा शिकविणाऱ्या माणसाला ते मोडके इंग्रजी खरे तर खटकावे. पण नियम ठाऊक असल्यावाचून तो इतक्या खुबीने मोडता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु ओवी आणि मीम यांत एक भेद आहे, आणि तो लहान नाही. ओवी कोणाचा चेहरा घेऊन फिरत नाही. काबोसूला आपल्या कीर्तीची वार्ताही नव्हती. ती सोफ्यावर सुखाने झोपत असे, आणि २४ मे २०२४ रोजी शांतपणे गेली. चेहरा माणसाचा असला म्हणजे गोष्ट वेगळी होते.

कॅनडामधील क्वेबेक प्रांतात २००२ साली शाळेत जाणाऱ्या एका मुलाने 'स्टार वॉर्स' चित्रपटातील योद्ध्याची नक्कल केली. गोल्फचे चेंडू उचलण्याची काठी तलवारीसारखी फिरवीत तो एकटाच कॅमेऱ्यासमोर खेळला. ती फीत शाळेत राहून गेली. पुढल्या वर्षी वर्गातील मुलांच्या हाती ती लागली आणि त्यांनी ती आंतरजालावर सोडून दिली. लक्षावधी लोक हसले. कोणी तीत संगीत घातले, कोणी काठीला प्रकाश जोडला. इकडे त्या मुलाला शाळेत पाऊल टाकणे अशक्य झाले आणि त्याने ती शाळा सोडली. त्याच्या आईवडिलांनी न्यायालयात दावा लावला. २००६ साली तो तडजोडीने मिटला.

कोणी म्हणेल, फीत त्याने स्वतःच केली होती ना! होय. वहीत मनातले गुज तुम्हीही स्वतःच लिहिता. म्हणून ते फळ्यावर उतरवून काढण्याचा अधिकार शेजारच्या बाकावरच्या मुलाला मिळतो काय? दुसरे कोणी म्हणेल, सगळेच पुढे पाठवीत होते, माझ्या एकट्याच्या पाठविण्याने काय बिघडले? पण प्रसार म्हणजे अशा एकेकट्यांच्या पाठविण्याची बेरीजच नव्हे काय? तरीही सर्वांचा दोष मी सारखा मानत नाही. दूरदेशी बसून हसणाऱ्याला तो मुलगा ठाऊक नव्हता. ज्यांनी प्रथम ती फीत बाहेर काढली, ते मात्र रोज त्याच्याबरोबर एका वर्गात बसत होते. त्यांनी त्याला एकदा विचारले असते, तर कदाचित तो स्वतःच हसत हसत 'दाखवा' म्हणाला असता. आणि कदाचित 'नको' म्हणाला असता. यांपैकी कोणतेही उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत.

पुढे तो मुलगा कायद्याचा अभ्यास करून मोठा झाला. छळ सोसणाऱ्या इतर मुलांना धीर यावा म्हणून २०१३ साली त्याने या प्रकाराविषयी जाहीरपणे सांगितले. तोवर त्या फितीला दहा वर्षे होऊन गेली होती, आणि लोक ती अजूनही पाहतच होते.