गावाला बंब नाही, पोराला काम नाही

दहावी-बारावीचा निकाल लागला की वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या घरात एकच प्रश्न उभा राहतो : पोराचं आता काय करायचं? पाच-सात एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि बैलांपुरती ज्वारी. एवढ्यात दोन भावांचे दोन संसार होत नाहीत, हे बापाला कळतं आणि पोरालाही. मग पोलीस भरती, तलाठी भरती, फौज. पहाटे अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही रस्त्यावर जा, पोरं धावताना दिसतील. कापसाला दाम मिळाला असता तर वावर सोडायची एवढी घाई झाली नसती, हे आमचं म्हणणं जुनंच आहे. पण भाव मिळेस्तोवर पोराचं वय थांबत नाही.

या धावणाऱ्या पोरांच्या यादीत एक नोकरी सहसा नसते. ती अग्निशामकाची. आमचं मत असं की ती असायला पाहिजे. पण डोळे उघडे ठेवून.

आधी नावाचा घोळ मिटवू. अग्निवीर वेगळा आणि अग्निशामक वेगळा. अग्निवीर म्हणजे २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेतला चार वर्षांचा फौजी. त्याचा आग विझवण्याशी संबंध नाही. अग्निशामक म्हणजे फायर ब्रिगेडचा माणूस. नावं सारखी म्हणून फॉर्म चुकीचा भरला जाऊ नये.

या कामाचा आणि कापसाचा संबंध तर फार जुना आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाला आग लागली. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. दुपारी धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतलं, पण गाठींच्या पोटातली आग हाती लागली नाही. चार वाजून गेले आणि जहाज फुटलं. अर्ध्या तासात दुसरा स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. म्हणूनच देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळतात.

कापूस कसा जळतो हे ज्यानं जिनिंगमध्ये पाहिलं आहे, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गाठीच्या, गंजीच्या पोटात हवा धरलेली असते. वरून पाणी मारलं की वरचा थर भिजतो, ज्वाळ बसते, लोक घरी जातात आणि रात्री आतून पुन्हा पेट घेते. गंजी उकलल्याशिवाय आग मरत नाही. कडब्याचंही तेच. शहरातल्या पोराला हे पुस्तकातून शिकावं लागतं. आमच्या पोराला ते हातानं माहीत आहे. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत काम करायची सवय, विहिरीत दोरानं उतरायचा सराव, ओझं उचलायची ताकद हे सगळं घेऊनच तो येतो. कमी आहे ती माहितीची.

तर माहिती अशी. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला, विद्यानगरीत आहे. तिथला अग्निशामक अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे. तो दहावी झालेल्यांसाठी असतो. उंची, छाती, वजन यांची अट असते, शारीरिक चाचणी असते. पदवीधरांसाठी उपस्थानक अधिकाऱ्याचा अभ्यासक्रम वेगळा. आणि आपल्या विदर्भातच, नागपूरला, केंद्रीय गृहखात्याचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि १९५७ साली नागपूरला आलं. अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी तिथे मिळते. बारावीला विज्ञान घेतलेल्या पोरापोरींनी हे लक्षात ठेवावं. पोरींनीही, असं आम्ही मुद्दाम म्हणतो. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर २००२ साली त्या महाविद्यालयात गेल्या, तेव्हा तिथे त्यांच्या आधी एकही मुलगी शिकलेली नव्हती.

भरती कुठे होते? महानगरपालिका, नगरपरिषदा, एमआयडीसी, विमानतळ, तेल कंपन्या यांच्याकडे. मुंबई महापालिकेनं २०२३ साली ९१० अग्निशामकांची भरती काढली. अट बारावी पासची आणि पुरुषांना १७२ सेंटिमीटर उंचीची. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, म्हणजे सीआयएसएफ, अग्निशमनासाठी वेगळे शिपाई घेतं. २०२४ साली देशभरात १,१३० जागा होत्या, अट बारावी विज्ञानाची. अटी प्रत्येक जाहिरातीत बदलतात. म्हणून आधी उंची मोजा, जाहिरात शब्द न शब्द वाचा, मग पैसे खर्च करा.

पैशाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. जिल्ह्याच्या गावी 'फायर अँड सेफ्टी'चे डिप्लोमे देणाऱ्या कितीतरी पाट्या लागल्या आहेत. आत टेबलावर लाल टोपी, भिंतीवर बंबाचं चित्र, 'शंभर टक्के नोकरी'चं वचन. कास्तकार दहा-बारा क्विंटल कापसाचे पैसे मोजून येतो. वर्षानं पोराच्या हाती एक रंगीत कागद येतो आणि भरतीच्या टेबलावर तो बाजूला सारला जातो. सगळेच वर्ग खोटे आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल पाहतो, पावती मागतो. मग पोराच्या आयुष्याचं बियाणं घेताना का पाहू नये? विचारायचं एवढंच : हा अभ्यासक्रम महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाला किंवा नागपूरच्या महाविद्यालयाला मान्य आहे काय? तसं लेखी द्या. लेखी देत नसेल तर उठून या.

दुसरी गोष्ट ठेकेदारीची. अनेक ठिकाणी नगरपरिषदा बंबावर कंत्राटी माणसं ठेवतात. आग कायम आणि माणूस हंगामी! जळत्या घरात शिरणाऱ्याला उद्याची हमी नाही, अंगावर नीट पोशाख नाही, काही झालं तर घरच्यांच्या हाती काय पडेल याचा पत्ता नाही. असल्या कामावर पोराला पाठवण्याआधी बापानं विमा विचारावा, पोशाख विचारावा, करार वाचावा. शौर्याची भाषणं करणाऱ्यांना पगाराचा हिशेब विचारण्यात काही गैर नाही.

आता मूळ मुद्दा. १९९२ साली घटनेत दोन दुरुस्त्या झाल्या. ७३वी पंचायतींसाठी, ७४वी शहरांसाठी. शहरांच्या यादीत, म्हणजे बाराव्या परिशिष्टात, १८ विषय आहेत आणि त्यांत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या यादीत, अकराव्या परिशिष्टात, २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. जणू आग फक्त शहरातच लागते! गोठा, कडब्याची गंजी, घरात भरून ठेवलेला कापूस, लोंबत्या तारांखालचं उभं पीक हे कोणाच्याच यादीत नाही. मग बंब तालुक्याच्या गावाहून निघतो. तो पोचेपर्यंत राख झालेली असते. पोचला तरी त्यात पाणी साधारण साडेचार हजार लिटर. दोन नळ सोडले तर पाच-सात मिनिटांचा खेळ. पुन्हा भरायचं कुठे? मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी पिकाला चालत नाही, पण आगीला चालतं. ते बंबात कसं भरायचं याची सोय मात्र कोणी करून ठेवत नाही.

म्हणजे एकीकडे प्रशिक्षण घेऊन बसलेली किंवा घ्यायला तयार असलेली पोरं, दुसरीकडे बंबाविना जळणारी गावं. या दोन गोष्टींची गाठ घालणं हे सरकारचं काम आहे. जिनिंगमधून, बाजार समितीतून, कापसाच्या प्रत्येक गाडीमागे कर आणि फी जाते. त्या पैशातून बाजाराच्या मोठ्या गावी एक बंब, पाण्याचा भरणा आणि चार कायम माणसं मागणं ही भीक नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात असं आम्ही सुचवतो. एक, प्रत्येक तालुक्यातून कोणत्या गावाला बंब किती वेळात पोचतो याची यादी करावी आणि ती जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी. दोन, मोठ्या बाजारगावांत अग्निशमन केंद्र आणि तिथे कायम भरती, हा ठराव करावा. तीन, प्रत्येक शाखेनं निकालाच्या दिवसांत दहावी-बारावीच्या पोरापोरींना बसवून खऱ्या अभ्यासक्रमाची आणि भरतीची माहिती द्यावी, म्हणजे रंगीत कागदावर कोणाचा कापूस जाणार नाही.

पोरगं या नोकरीत गेलं तर वावराला पाठ दाखवली असं समजू नका. गंजीला लागलेली आग उकलून विझवायची असते, हे ज्याला कळतं तो माणूस बंबावर हवाच आहे. तो बंब आपल्या गावापर्यंत आणणं मात्र आपल्याच हातात आहे.