शंभरपैकी नव्याण्णव

तुमच्यापैकी किती जणांनी सोमवारच्या स्टेटस मीटिंगच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत एका नाण्यासाठी जीव काढलाय? हात वर करा. लाजू नका, आपण सगळे एकाच कॅबमधले!

माझं नाणं जांभळं होतं. गेमचं नाव ‘सुपर मारिओ ओडिसी’, निन्टेन्डोनं २०१७ मध्ये आणलेला. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मारिओ टोपीच्या आकाराच्या जहाजातून एकेका राज्यात उतरतो. कुठे वाळवंट, कुठे जंगल, कुठे बर्फ. आणि मधेच एक अशी लेव्हल येते, जिथे चक्क शहर आहे. न्यू डॉन्क सिटी! पिवळ्या टॅक्सी, उंचच उंच इमारती, सूट आणि हॅट घातलेले घाईतले लोक आणि त्यांच्या कमरेशी घोटाळणारा आपला मिशीवाला. तुम्ही पहिल्यांदा पोचता तेव्हा रात्र असते, धो-धो पाऊस आणि रस्त्यात रणगाडे. सिटी हॉलच्या टोकावर एक यांत्रिक किडा बसून अख्ख्या गावाची वीज पितोय. (भारनियमनात दहावी केलेल्या मराठवाड्याच्या मुलीला हा सीन वेगळा समजावून सांगावा लागत नाही.) त्याला हरवलं की उजाडतं, ऊन पडतं आणि शहर तुमच्या ताब्यात.

आता गंमत बघा. या लेव्हलमध्ये गोळा करायला आहेत ८१ चंद्र आणि १०० जांभळी नाणी. पुढच्या राज्यात जायला लागतात फक्त २० चंद्र. म्हणजे उरलेले ६१ चंद्र आणि शंभरच्या शंभर नाणी यांच्यावाचून काहीही अडत नाही. आपल्या अप्रेझलच्या भाषेत सांगायचं तर शून्य वेटेज! तरीही माणसं तिथे तास न् तास हिंडतात. मी तर तीन वीकेंड हिंडले.

का, याचं उत्तर मला त्या नाण्यांच्या जागांमध्ये सापडलं. चंद्र हवा असेल तर मदत मिळते. एक टोड ५० सोन्याची नाणी घेऊन नकाशावर खूण करून देतो, एक पोपट चंद्रांची नावं बडबडतो. जांभळ्या नाण्यांसाठी नकाशावर काही नाही. ती असतात दोन-तीन-चारच्या घोळक्यानं, आणि अशा जागी की जिथे जायचं कुणालाही कारण नाही. गच्चीच्या मागच्या कडेला, दोन इमारतींमधल्या बोळात, लोखंडी गर्डरच्या टोकाला. तुम्ही उगाच वळता, वाकून बघता, आणि तिथे ती चमकत असतात. गेम बनवणारा कुणीतरी आधीच तिथे येऊन गेलेला असतो. तू इथवर येशील हे मला माहीत होतं, असं म्हणत तीन नाणी ठेवून गेलेला.

ऐंशी नाणी झाली की कळतं, नाणी हे निमित्त. एव्हाना तुम्हाला अख्खं शहर पाठ झालेलं असतं. कुठल्या गच्चीवरून कुठल्या गच्चीवर उडी पोचते, कुठला खांब टोपी टाकली की गोफणीसारखा फेकतो, दोरीच्या उड्या खेळणारी मुलं कुठल्या कोपऱ्यात आहेत (तिथे सलग १०० उड्या मारल्या की एक चंद्र मिळतो. मला अजून मिळालेला नाही, विषय संपला.) आणि या नाण्यांचं मिळतं काय? दुकानात त्या गावचे कपडे, स्टिकर आणि जहाजात मांडायच्या शोभेच्या वस्तू. अगदी आपण वेरूळला जाऊन दगडी हत्ती आणतो तसंच.

जाता जाता, या शहराची महापौर आहे पॉलीन. १९८१ च्या ‘डॉन्की काँग’मध्ये माकडानं पळवलेली आणि टोकावर उभी राहून वाट बघणारी बाई ती हीच. छत्तीस वर्षांनी तिला गाव मिळालं, गाणं मिळालं, आणि तिच्या उत्सवात मारिओ इमारतीच्या भिंतीवर सपाट होऊन तोच जुना खेळ पुन्हा खेळतो. प्रमोशनला उशीर झाला म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

तर माझी ९९ झाली आणि गाडी अडली. शंभरावं सापडेना. मध्येच कुणीही ‘अगं, नेटवर बघ ना’ म्हणू नका. तो फाउल आहे.

त्याच शुक्रवारी मला घरी जायचं होतं. पुण्याहून रात्रीची बस, पहाटे छत्रपती संभाजीनगर. आमचं घर औरंगपुऱ्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एका बाजूला भाजीमंडई, एका बाजूला सरस्वती भुवनचा परिसर, जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नाही, आणि गुलमंडी हाकेच्या अंतरावर. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या काकूंच्या फोडणीवर आमच्याकडे शिंका. दादानं बीड बायपासला फ्लॅट घेतलाय. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, बाबांच्या गुडघ्यांना ते बरं आहे. जुन्या घराला गिऱ्हाईक मिळालंय आणि रजिस्ट्री दिवाळीच्या आधी. सगळं रीतसर, सगळ्यांच्या संमतीनं. मीसुद्धा फोनवर ‘बेस्ट डिसिजन’ म्हणून मोकळी झाले होते. या खेपेला मला माझं कपाट रिकामं करायचं होतं, बस.

कपाटात सगळ्यात खाली सापडला तो टीव्ही गेम. आठवतोय? ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट, त्यात खरे गेम सात-आठच आणि तेच पुन्हा पुन्हा. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत लावायची! त्यातला मारिओ १९८५ चा. भाच्याला सांगितलं, ‘अरे, यात मागे जाता यायचं नाही.’ त्याला खरं वाटेना. पण होतंच तसं. स्क्रीन फक्त उजवीकडे सरकायची. एखादं नाणं राहिलं आणि तुम्ही दोन पावलं पुढे गेलात की संपलं, डावीकडची कड भिंतीसारखी उभी. परत फिरून, वाट्टेल तसं हिंडून गोळा करायचा मारिओ आला १९९६ ला, ‘मारिओ ६४’मध्ये, १२० ताऱ्यांसह. तोवर आमची पिढी उजवीकडे पळायला शिकून बसली होती. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, पुणे. सगळं उजवीकडेच!

भाचा सात वर्षांचा. त्यानं माझा स्विच घेतला आणि न्यू डॉन्क सिटीत शिरला. मी शेजारी बसून कोचिंग देतेय : ‘तिकडे काही नाही, तिकडे मी बघितलंय.’ तो ऐकतोय कुठला! त्याला चंद्र नको, नाणी नको, त्याला टॅक्सीवर उड्या मारायच्या. एका टॅक्सीवरून घसरला आणि एका बोळात पडला. ज्या बोळावरून मी पन्नास वेळा तरी उडी मारून गेले होते, त्या बोळात. आणि म्हणाला, ‘आत्या, हे काय जांभळं?’

शंभर!

मी ओरडले, तो ओरडला, आई स्वयंपाकघरातून ‘काय पडलं रे’ म्हणून धावत आली. बाबा पेपर खाली ठेवून मघापासून बघत होते. म्हणाले, ‘कोणतं गाव हे?’ मी सांगितलं. सगळं सांगितलं, गल्ल्या, गच्च्या, कुठून कुठे जाता येतं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि आपल्या गावाला दरवाजे किती?’

‘बावन्न!’ हे तर शाळेपासून पाठ. बावन्न दरवाजांचं शहर.

‘नावं सांग.’

पैठण गेट. दिल्ली गेट. भडकल गेट. रोशन गेट... रिक्षावाल्यामुळे माहीत. मग मी अडकले. चार! शंभरपैकी शंभर मिळवणारी मी, स्वतःच्या गावात चारवर आउट. बाबांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी लिहिली. ‘बावन्न मलाही येत नाहीत. पुष्कळ तर पडले. मला येतात तेवढे लिहितो.’ अकरा झाले.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. दादाची ॲक्टिव्हा, मी पुढे, भाचा मध्ये, बाबा मागे. ट्रिपल सीट. हे छापायला नको खरं तर, पण आता लिहून झालं. रस्ते रिकामे होते. पैठण गेट मी जन्मभर बघतेय, पण दुकानांची शटर बंद असताना बघितल्याचं आठवत नाही. एरवी नजर मोबाइल कव्हरच्या आणि कपड्यांच्या ढिगावर असते. त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून कमान बघितली. बारापुल्ल्याखालून तर मी शेकडो वेळा गेलेय. त्याला नाव आहे, हे आत्ता कळलं.

भडकलपाशी बाबा रंगात आले. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी गाव वसवलं, ते हे. मुघलांना हरवल्याची आठवण म्हणून त्यानं १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा केला. कोटाच्या भिंती पुढे औरंगजेबानं १६८२ च्या सुमारास बांधल्या, म्हणजे हा दरवाजा त्या भिंतीपेक्षा सत्तर वर्षांनी थोरला. भाच्याला सनावळीत रस नव्हता. त्याचा जीव पाणचक्कीपाशी, महमूद दरवाजाजवळ अडकला. डोंगराकडचं पाणी मलिक अंबरनं जमिनीखालून मातीच्या नळ्यांतून गावात आणलं, असं बाबांनी सांगितल्यावर तो उडालाच. ‘म्हणजे पाइप? मारिओसारखे पाइप?’ हो रे बाबा, अगदी तसेच.

मकाई गेटपाशी, खाम नदीच्या काठी, बाबा म्हणाले, ‘थांब जरा.’ उतरले. कमानीच्या भिंतीला हात लावून उभे राहिले. मला वाटलं, गुडघा दुखतोय.

‘इथं सायकलची चेन पडली होती. तुझी आई मागं बसलेली. लग्नाला आठच दिवस झाले होते. चेन काही बसेना, मग दोघं चालत घरी. औरंगपुऱ्यापर्यंत. तेव्हा पहिल्यांदा नीट बोललो आम्ही.’

बत्तीस वर्षांत मी ही गोष्ट ऐकलेली नव्हती. मला कुणी सांगितली नव्हती असं नाही म्हणता येणार. मी कधी तिकडे वळलेच नव्हते. भाच्यानं खिशातून पेन काढून पत्रिकेवर मकाई गेटपुढे टिक केली, आणि बाबांना विचारून त्याच्यापुढे एक छोटी सायकल काढली.

पुढे दिल्ली गेट, मग रंगीन दरवाजा. सात झाले. काला, नौबत, कटकट, रोशन राहिले. ऊन चढलं होतं, भाच्याला भूक लागली होती आणि माझी अकराची बस होती. परतीच्या वाटेवर औरंगपुऱ्यात मंडई जागी झाली होती, मेथीच्या जुड्या उतरत होत्या, आणि गाडी आमच्या गल्लीत वळवताना मी नेहमीसारखा हॉर्न दिला. समोरच्या काकूंनी नेहमीसारखं खिडकीतून बघितलं.

आईनं पोहे दिले. मी म्हटलं, ‘मकाई गेट. सायकलची चेन.’

‘चेन कुठली,’ आई म्हणाली, ‘पंक्चर होती. आणि बोलले कुठं? मीच बोलत होते.’

बाबा पोह्यातले शेंगदाणे वेचत राहिले. पत्रिका फ्रिजवर लावली गेली, सातापुढे तिरकी रेघ आणि अकरा. ठरलं असं की उरलेले चार दिवाळीत. मी तिथल्या तिथे तिकीट काढलं.

‘पण तेव्हा निघायचं कुठून?’ भाच्यानं विचारलं. ‘इथून, की नव्या घरातून?’

बाबा म्हणाले, ‘बघ रे जरा, गाडीत पेट्रोल किती उरलंय.’